व्हरांड्यातली उजेडाची जागा

धुळ्यातल्या एका मोठ्या कचेरीच्या पूर्वेकडच्या व्हरांड्यात एक माणूस खुर्च्या विणत बसायचा. शेजारी पाण्याची बादली. बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. पुढ्यात बैठक नसलेली सागवानी खुर्ची. त्याची बोटं भराभर चालायची. कामासाठी आलेले लोक उभे राहून बघायचे. थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात यायचं, की हा माणूस आपल्या हातांकडे बघतच नाही. त्याचं तोंड समोर आवाराकडे असतं.

तो गुलाब वना अहिरे. दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

गुलाब जन्माने आंधळा नव्हता. शिरपूरजवळच्या खेड्यात बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत तो चांगला पळत-खेळत होता. मग संध्याकाळ झाली की ठेचकाळायला लागला. रातआंधळा झाला, म्हणाले. मग डाव्या-उजव्या बाजूचं दिसेना. सगळं जग नळीतून बघावं तेवढं उरलं. तेविसाव्या वर्षी तेही गेलं. बाहेरून डोळे धड होते. पाणीदार होते. आतला पडदा मेला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याने अंधशाळेत वेतकाम शिकून घेतलं. तिशीत सरकारी कचेरीतल्या राखीव जागेवर लागला. लग्न आंधळेपणातच झालं. भडगावच्या द्रौपदाबाईने स्थळ बघितलं तेव्हा तिच्या आईने नाक मुरडलं होतं. द्रौपदाबाई म्हणाली, "डोया नहीत, हात शेत ना!"

सत्तावीस वर्षं गुलाब त्या व्हरांड्यात बसला. पाच साहेब आले नि गेले. त्यांच्या बुडाखालची वीण गुलाबच्या हातची होती. पट्टी भिजवायची, भोकातून ओढायची, खुंटी मारायची, पुढच्या भोकात घालायची. आधी उभी, मग आडवी, शेवटी तिरकी. एक भोक चुकलं तर सगळी जाळी वाकडी. गुलाबचं भोक चुकत नसे.

आणखी एक गोष्ट चुकत नसे. शिपाई लोटन जाता-येता विचारायचा, "गुलाबभाऊ, किती वाजले?" गुलाब हात न थांबवता सांगायचा, "साडेअकराला पाच कमी." लोटन मोबाइल काढून बघायचा आणि शिवी घालायचा. फार तर पाच-सात मिनिटांचा फरक. लोक म्हणत, देवाने डोळे नेले पण पोटात घड्याळ दिलं. गुलाबला ते पटत नसे. तो विहारात जाणारा माणूस. देवाने काही नेलं किंवा दिलं असं तो मानत नसे. "वेत किती लवकर सुकतो त्यावरून कळतं," असं तो सांगायचा. ते खरं नव्हतं. पण त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

मग सहावे साहेब आले.

हे साहेब तरुण होते, हुशार होते, आणि त्यांना कचेरी सुंदर करायची होती. भिंतींना रंग लागला. जिन्यावर सुविचार आले. व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला ऊन छान येतं, फोटो छान निघतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथे चार कुंड्या, एक लाकडी चौकट आणि चौकटीला कागदी फुलं लागली. वर पाटी आली : सेल्फी पॉइंट.

गुलाबची बादली तिथे शोभत नव्हती.

त्याला रेकॉर्डच्या खोलीत हलवलं. खोली मागच्या अंगाला. एकच खिडकी, तीही कपाटांनी झाकलेली. कागदांना ऊन लागू नये म्हणून. ट्यूबलाइट होती. साहेबांनी पाहणी केली तेव्हा ती जळत होती. साहेबांनी वर बघितलं, गुलाबकडे बघितलं आणि कार्यालय अधीक्षक मोतीलाल नानांना विचारलं, "इथे दिवा कुणाला लागतो?"

सगळे हसले. नानाही हसले. गुलाबही हसला. आपल्यावरच्या विनोदाला आधी आपण हसायचं, हे आंधळा माणूस लवकर शिकतो. ट्यूब काढून बाहेरच्या बोळात लावली. वीजबचतीच्या अहवालात तिची नोंद झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात दिव्यांग दिन आला. साहेबांनी गुलाबचा सत्कार केला. शाल, गुच्छ आणि एक काळा चष्मा. चष्मा भारी होता. बाजूने चामड्याच्या झडपा. कुठूनही काही आत शिरू नये असा. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बघा, आमचे गुलाबभाऊ कसे हिरो दिसतात!" टाळ्या पडल्या. खरी गोष्ट अशी, की गुलाबचे उघडे डोळे बघून पाहुण्यांना कसंसं व्हायचं. पण ते कुणी बोललं नाही.

गुलाबला तो मान वाटला. सत्तावीस वर्षांत साहेबाचा हात त्याच्या चेहऱ्याला पहिल्यांदा लागला होता. सकाळी अंघोळ झाली की तो चष्मा चढवायचा, तो रात्री निजताना काढायचा. रविवारी विहारात जातानाही चष्मा. द्रौपदाबाई तो फडक्याने पुसून द्यायची. तिलाही नवरा रुबाबदार दिसायचा. दिवा नको म्हणून दिवा काढणारे आणि चष्मा हवा म्हणून चष्मा घालणारा, दोघांचीही समजूत एकच होती. आंधळ्याला उजेडाशी काय करायचंय?

जानेवारीत गुलाबची झोप बिघडली.

आधी अर्धा तास उशिरा लागायला लागली. मग तास. मग दोन तास. महिनाभरात असं झालं, की रात्रभर तो टक्क जागा आणि दुपारी बाराला डोळे मिटायला लागायचे. साधी पेंग नाही. कुणी खांद्यावर पोतं टाकावं तशी झोप यायची. तो मांडीला चिमटे काढायचा. बादलीतलं पाणी तोंडावर मारायचा. एकदा भोक चुकलं. मग रोज चुकायला लागलं. उलगडायचं, पुन्हा विणायचं, पुन्हा चुकायचं.

लोटनने सवयीने विचारलं, "गुलाबभाऊ, किती वाजले?"

"नऊ."

"सकाळचे का रात्रीचे?" लोटन म्हणाला. "अहो, दीड वाजला!"

त्या दिवशी गुलाब घाबरला. डोळे गेले तेव्हा तो घाबरला नव्हता इतका. डोळे हळूहळू गेले होते. हा दिवस हातातून अचानक निसटला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी वरून तपासणी आली. साहेब पाहुण्यांना घेऊन रेकॉर्डच्या खोलीत शिरले. मोबाइलच्या बॅटरीच्या झोतात दिसलं ते असं : गुलाब अहिरे जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर आडवा, चष्मा लावलेला, घोरतोय.

मोतीलाल नानांनी त्याला बोलावून घेतलं. नाना भला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कुणाचं वाईट करायचं नाही आणि कुणासाठी वाईट व्हायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"गुलाब, तू झोपला होतास."

"हो नाना."

"अरे, नाही म्हण की! चक्कर आली म्हण. शुगर म्हण. सगळे म्हणतात."

"झोपलो होतो तर झोपलो होतो."

"लोक म्हणतात, तू घ्यायला लागलास."

गुलाबने आयुष्यात थेंब चाखला नव्हता.

कामावर झोपल्याबद्दल मेमो निघाला. पण खरी गंमत पुढेच झाली. मार्चच्या मध्याला गुलाब आपोआप नीट झाला. रात्रीची झोप, सकाळची जाग. आठ-दहा दिवस एक भोक चुकलं नाही. कचेरीला पुरावा मिळाला. "बघा! मेमो दिला तर कसा सुधारला. म्हणजे सोंगच होतं." एप्रिल लागला आणि पुन्हा घसरण सुरू झाली. आता त्याच्यावर कुणी विश्वास ठेवेना. दुसरा मेमो आला. तिसरा आला. सक्तीच्या निवृत्तीची भाषा सुरू झाली.

घरी द्रौपदाबाई पेटून उठली होती. ती अंगणवाडीत मदतनीस. पोरांच्या हजेऱ्या मांडायची तिला सवय. 'घेतो' हा शब्द कानावर आला त्या दिवशी तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

"मी बठ्ठं लिखी ठेवस," ती म्हणाली. "तुम्ही कव्हय झोपनात, कव्हय उठनात. कोन म्हनस दारू पेतस, त्याले दाखाडसू."

नवरा घराबाहेर गेला नाही, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. शिसपेन्सिलने ती रोज चौकटीत वेळ टाकायची. दहा. साडेदहा. अकरा. साडेअकरा. दोन महिने झाल्यावर तिने आकड्यांवर बोट फिरवलं आणि ती चमकली. आकडे वेडेवाकडे नव्हते. रोज अर्धा तास पुढे. जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दारुडा असा हिशेबात झोपत नाही, एवढं तिला कळलं. त्यापुढचं कळलं नाही.

धुळ्यात एका दवाखान्यात झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळीने दिवसाही झापड येऊ लागली. तेव्हा द्रौपदाबाईची भाची दिपमाला म्हणाली, "मावशी, काकांना जळगावला आण." दिपमाला जळगावच्या एका नेत्रालयात परिचारिका होती.

"डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला?" गुलाब म्हणाला. "डोळ्यांचं काय उरलंय?"

"चाला तं खरं," द्रौपदाबाई म्हणाली. कॅलेंडर गुंडाळून तिने पिशवीत घातलं आणि पारोळा-एरंडोलवरून जाणारी एसटी धरली.

डॉक्टर तरुण होत्या. नाव मृणाली. त्यांनी आधी कॅलेंडर उलगडलं. एकेका आकड्यावरून पेन फिरवलं. मग उठल्या, खोलीत अंधार केला आणि गुलाबचा चष्मा काढला.

"भाऊ, काही दिसतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता मी निळा दिवा लावलाय. जरा वेळ लागेल. तसेच बसा. काही वाटतंय?"

"नाही ताई."

"पण तुमची बाहुली बारीक होतेय," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी हळू. पण होतेय."

गुलाबने पस्तीस वर्षांपूर्वी पुरलेली एक गोष्ट मातीतून हात वर काढत होती.

"म्हणजे... मला दिसेल?"

"नाही भाऊ." डॉक्टरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "खोटं सांगणार नाही. बघणाऱ्या पेशी मेल्यात. त्या परत येणार नाहीत. पण डोळा फक्त बघायचं काम करत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्यात आणखी एका जातीच्या पेशी असतात. थोड्याच. त्या चित्र काढत नाहीत. समोर माणूस आहे का म्हैस, ते त्यांना कळत नाही. त्यांना एकच कळतं, उजेड किती आहे. तेवढा निरोप त्या मेंदूत पोचवतात. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, तांदळाच्या कणीएवढा एक पुंजका आहे. ते शरीराचं घड्याळ. झोप कधी, जाग कधी, भूक कधी, अंगातली ऊब कधी वाढायची, कधी कमी व्हायची, सगळं ते सांभाळतं.

"पण हे घड्याळ तंतोतंत चोवीस तासांचं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांचं थोडं मागे पडतं. तुमचं रोज अर्धा तास. सकाळचा उजेड डोळ्यांतून जातो आणि त्याला रोज ओढून जागेवर आणतो. उजेड मिळाला नाही, तर ते आपल्या चालीने चालत राहतं. अर्धा तास, अर्धा तास करत दिवसाची रात्र होते. दीड-दोन महिन्यांनी फिरून पुन्हा जागेवर येतं. तेव्हा माणूस काही दिवस नीट होतो. मग पुन्हा घसरतो."

"हाईच!" द्रौपदाबाई ओरडली. "हाईच लिखेल शे मी!"

"हो मावशी. तुम्ही जे लिहिलंय तसं मला एकाही पेशंटने लिहून आणलेलं नाही."

"पण डोक्यावर ऊन पडलं तर?" गुलाबने विचारलं. "खोलीत गरम होतंच की."

"उबेचं काम नाही ते. उजेड डोळ्यांतूनच जायला हवा. गाय असो, उंदीर असो, माणूस असो, दूध पाजणाऱ्या साऱ्या प्राण्यांना तेवढा एकच रस्ता. पक्ष्यांचं वेगळं. त्यांना कवटीतूनही उजेड कळतो."

"म्हनजे कोंबडंबी आपलापेक्षा पुढे गयं," द्रौपदाबाई म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं. पण लगेच त्यांनी विचारलं, "भाऊ, आधी तुम्ही कुठे बसायचात?"

"व्हरांड्यात. पूर्वेला तोंड करून. सत्तावीस वर्षं."

"आणि आता?"

त्याने सांगितलं. खोली, कपाटं, काढलेली ट्यूब.

"आणि हा चष्मा कुणी दिला?"

"साहेबांनी. सत्कारात."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. पेन उडून खाली पडलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं औषध त्या व्हरांड्यात होतं. फुकट. त्यांनी ते काढून घेतलं आणि वर शाल दिली!"

परतीच्या एसटीत गुलाब खिडकीशी बसला. चष्मा पिशवीत गेला होता. त्याने उघडे डोळे खिडकीबाहेर धरले. त्याला काहीच दिसत नव्हतं. पण आपल्या आत कुणीतरी अजून दाराशी बसून वाट बघतंय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. दुःखापेक्षा त्याला राग जास्त आला. इतकी वर्षं त्याने आपल्या डोळ्यांना मेलेले म्हटलं होतं.

डॉक्टरांनी पत्र दिलं. साधं, मुद्द्याचं. श्री. अहिरे यांना सकाळी किमान दोन तास उघड्या डोळ्यांनी भरपूर दिवसाचा उजेड मिळणं आवश्यक आहे. गुलाबने पत्राला अर्ज जोडला : मला माझी व्हरांड्यातली जागा परत मिळावी. तिथे बसूनही मी झोपलो, तर काय कारवाई करायची ती करा.

एवढीच त्याची मागणी. चार फूट फरशी.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मोतीलाल नानांना बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "या पत्राप्रमाणे अहिरेंच्या डोळ्यांना उजेड कळतो. मग हे शंभर टक्के अंध कसे?"

साहेबांनी फाइल पुढे सरकवली.

"दाखला शंभर टक्क्यांचा आहे. नोकरी त्याच्यावर लागली आहे. फेरतपासणीला पाठवा."

नाना गुलाबला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला बाहेर चहा पाजला नव्हता.

"गुलाब, ऐक. ती चिठ्ठी मागे घे."

"का?"

"अरे, खोट्या दाखल्यावर नोकरी मिळवली असं काढतील. झोपेचं प्रकरण परवडलं. फार तर तीन वर्षं आधी घरी जाशील. यात सगळंच जाईल. पेन्शन जाईल. अब्रू जाईल."

"नाना, तुम्ही मला सत्तावीस वर्षं बघताय. मी आंधळा आहे का नाही?"

"माझं सोड."

"नाही. तुम्ही सांगा."

"आहेस रे बाबा. पण कागदावर..." नानांनी बशीतला चहा ओढला. "कागदावर माणसाने एकच काहीतरी असावं. आंधळा तर आंधळा. उजेड पाहिजे असलेला आंधळा कुठल्या रकान्यात घालू मी?"

घरी गुलाबने बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"मंग काय करशात?"

"तू काय म्हनस?"

"मी काय म्हनू? नोकरी तुमनी शे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पन चिठ्ठी मांगे लिधी, तं तुम्ही त्या खोलीम्हा तीन वरीस जिवत रहाशात का?"

आंधळेपणाचा गुलाबने कधी राग केला नव्हता. लोक दया दाखवत, तो घेई. लोक थट्टा करत, तो हसे. सौदा होता तो. त्या बदल्यात दोन हातांना काम मिळे. आता सौदा असा होता, की तू पूर्ण मेलेला आहेस असं लिहून दे. डोळ्यांत जे थोडं जिवंत उरलंय ते तूच नाकार, मग तुला ठेवतो.

"मी चिठ्ठी मांगे लेस नही," तो म्हणाला.

फेरतपासणीला तीन डॉक्टर होते. नेमका त्याच्या उलट्या दिवसांतला दिवस. दुपारी एकची वेळ, त्याच्या शरीरात मध्यरात्र. रांगेत उभ्या-उभ्या त्याचे डोळे मिटत होते. द्रौपदाबाई त्याला कोपराने ढोसत होती. "झोपू नका, नहीतं म्हनतीन पेयेल शे."

डोळ्यांसमोर बोटं नाचवली. झोत मारले. यंत्राला कपाळ टेकवायला लावलं. पंधरा दिवसांनी निकाल आला. दोन्ही डोळे, शंभर टक्के, कायम.

आपण पूर्ण आंधळे आहोत हे ऐकून आनंद झालेला हा बहुधा पहिलाच माणूस. द्रौपदाबाईने शेवभाजी केली. गुलाब दुसऱ्या दिवशी कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

साहेबांनी कागद बघितला. "छान. म्हणजे शंका मिटली. तुम्ही शंभर टक्के अंध आहात."

"हो साहेब. आता माझी जागा..."

"मग उजेडाचा प्रश्न येतोच कुठे?"

गुलाबला आधी वाटलं, आपल्याला झोपेत ऐकू आलं. उजेड कळतो तर तू आंधळा नाहीस. आंधळा आहेस तर उजेड नको. दोन्ही दारं एकाच माणसाने लावली होती आणि मध्ये तो उभा होता. साहेब वाईट माणूस नव्हता. तो ओरडला नाही, अपमान केला नाही, लाच मागितली नाही. उलट, नीट बसवून पाणी दिलं. एवढ्या सभ्यपणे माणसाला अंधारात ढकलता येतं, हे शिकायला कुठल्या शाळेत जावं लागतं कोण जाणे.

अर्ज निकाली निघाला. शेरा : मागणीत तथ्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गुलाब रेकॉर्डच्या खोलीत गेला. बादली उचलली. वेताची जुडी खांद्यावर टाकली. एका हाताने खुर्ची फरपटत, दुसऱ्याने भिंत चाचपत व्हरांड्यात आला. पूर्वेच्या टोकाला कुंड्या होत्या. त्या त्याने पायाने अंदाज घेत बाजूला सारल्या. चौकट मात्र हलेना. फरशीत ठोकलेली होती. मग तो चौकटीतच बसला. वर कागदी फुलं, खाली उघड्या डोळ्यांचा माणूस खुर्ची विणतोय.

लोटन पळत आला. "गुलाबभाऊ, काय करताय? साहेब येतील."

"येऊ दे. बादली भरून आण."

लोटन घुटमळला. मग बादली घेऊन गेला.

साहेब आले. बुटांचा आवाज समोर थांबला.

"अहिरे, आत जा."

"नाही साहेब."

सत्तावीस वर्षांत गुलाबच्या तोंडून साहेबाला नाही गेलं नव्हतं. त्याने पट्टी भोकातून ओढली.

"ही आदेशाची अवहेलना आहे."

"असेल. मी काम करतोय. इथे झोपलो तर उचलून टाका. तोवर बसू द्या. मला दिसत नाही साहेब, पण तुम्हाला दिसतं ना? बघा मग."

आवारात माणसं जमली होती. आंधळ्याला हाताला धरून आत ओढायचं, तेही सेल्फी पॉइंटमधून, तेही इतक्या मोबाइलांसमोर. साहेबांना ते परवडणारं नव्हतं. ते निघून गेले. दुपारी मेमो आला. दुसऱ्या दिवशी दुसरा. गुलाब रोज दहाला यायचा, चौकटीत बसायचा, संध्याकाळी मेमो खिशात घालून घरी जायचा.

पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. दुपारी झोप यायची तेव्हा तो उभ्याने विणायचा. लोटन बाजूला बसून त्याला गावाकडचे किस्से सांगायचा. तीन दिवस गुलाब त्या किस्स्यांना वैतागून जागा राहिला. दुसऱ्या आठवड्यात घसरण मंद झाली. द्रौपदाबाईच्या चौकटीतले आकडे जवळजवळ यायला लागले. चौथ्या आठवड्यात ते थांबले. साडेदहा. साडेदहा. साडेदहा. पाच दिवस सलग तोच आकडा लिहिल्यावर ती पेन्सिल हातात घेऊन खाली बसली आणि रडली. मग पदराने तोंड पुसून तिने सगळ्या कचेरीला अहिराणीत एक लांबलचक शिवी हासडली. ती इथे लिहिता येणार नाही.

झोपेचं प्रकरण मिटलं. तो कधी झोपलेला दिसतच नव्हता, तर चालवणार काय? पण आदेश मोडल्याचं उरलं. साहेबांच्या सहीने शिक्षा आली. ठपका. सेवापुस्तकात नोंद घ्यावी.

मोतीलाल नानांनी त्याला टेबलाशी बोलावलं आणि नोंद वाचून दाखवली. "नेमून दिलेली जागा विनापरवानगी सोडून व्हरांड्यात बसल्याबद्दल ठपका देण्यात येत आहे. कर, सही कर."

"कारण लिहिलं नाही," गुलाब म्हणाला.

"कसलं कारण?"

"का बसला ते."

"कारणाचा रकाना नसतो."

"मग शेऱ्यात लिहा. डोळ्यांना उजेड लागतो म्हणून बसला."

"अरे, तुझ्या फायद्याचं नाही ते."

"फायद्याचं नसू दे. खरं आहे ना? माझ्या पुस्तकात सत्तावीस वर्षांत एक काळी ओळ नव्हती. आता आली. आली तर पुरी येऊ द्या. उद्या कुणी वाचलं तर त्याला कळायला नको, हा माणूस कशासाठी भांडला?"

मग पेनाचा आवाज आला. गुलाबने कान लावून ऐकला.

"वाचा."

नानांनी वाचलं. उजेडाचे शब्द त्यात नव्हते.

"नाना."

"बरं, बरं." पेन पुन्हा चाललं. या वेळी जरा जास्त वेळ. "डोळ्यांना उजेड लागतो म्हणून बसला. झालं?"

नानांनी त्याचं बोट धरून जागेवर टेकवलं. गुलाबने सही केली. डोळे होते तेव्हा शिकलेली, गोल अक्षरांची.

"उद्या पुन्हा तिथेच बसणार?"

"हो."

"मग पुन्हा ठपका येईल रे."

"येऊ द्या," गुलाब उठत म्हणाला. "पानं संपली तर पुरवणी जोडा."